हॉस्पिटलिस्ट डॉक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णाला वॉर्डात हलवलं जातं. थोड्या वेळाने एक अनोळखी डॉक्टर येतात आणि सांगतात, "इथे असेपर्यंत तुमचे उपचार मी बघणार आहे." हे कोण, आपले नेहमीचे डॉक्टर कुठे गेले आणि यापुढे कुणाला काय विचारायचं, इथून नातेवाइकांचे प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं खाली दिली आहेत.

हॉस्पिटलिस्ट म्हणजे नक्की कोण?

ॲडमिट असलेल्या रुग्णांवर उपचार करणं हेच ज्यांचं मुख्य काम आहे, असे डॉक्टर. बहुतेक जण जनरल मेडिसिनचे म्हणजे फिजिशियन असतात. हृदय, मूत्रपिंड अशा एखाद्या अवयवाचे ते तज्ज्ञ नसतात. रुग्णालयात दाखल असलेला अख्खा माणूस हा त्यांचा विषय असतो. ते सहसा बाहेर दवाखाना चालवत नाहीत. दिवसभर इमारतीतच असतात, त्यामुळे दुपारी २ वाजता रक्तदाब घसरला तर फोनवरून ऑर्डर देण्याऐवजी खाटेपाशी येऊन बघू शकतात.

हा प्रकार कधी सुरू झाला?

असं काम करणारे डॉक्टर आधीही होते, पण 'हॉस्पिटलिस्ट' हा शब्द रूढ झाला तो १९९६ मध्ये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या लेखात तो वापरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत या डॉक्टरांची संघटना स्थापन झाली. तीच आज 'सोसायटी ऑफ हॉस्पिटल मेडिसिन' म्हणून ओळखली जाते.

आमचे नेहमीचे डॉक्टर आम्हाला वीस वर्षं ओळखतात. मग त्यांनीच का बघू नये?

प्रश्न रास्त आहे. नेहमीच्या डॉक्टरांना जे माहीत असतं ते कोणत्याही फाइलमध्ये सापडत नाही. कोणती गोळी सोसत नाही, रुग्ण दुखणं लपवतो का, घरी काळजी घेणारं कोण आहे, हे त्यांना ठाऊक असतं. पण दवाखाना संपवून संध्याकाळी एकदा चक्कर मारणाऱ्या डॉक्टरांना सकाळी ११ ला आलेल्या रिपोर्टवर ११ वाजता निर्णय घेता येत नाही. आजचे दाखल रुग्ण जास्त आजारी असतात आणि त्यांची अवस्था तासातासाला बदलते.

म्हणजे इथे एक देवाणघेवाण आहे. हजेरी मिळते आणि ओळख जाते. या पद्धतीतल्या बहुतेक चुका त्या ओळखीच्या जागी पडलेल्या खिंडारातून होतात: दाखल होताना, पाळी बदलताना आणि घरी जाताना. पुढच्या उत्तरांचा बराचसा भाग याच तीन जागांबद्दल आहे.

दाखल झाल्यावर पहिल्या काही तासांत काय होतं?

तपासणी, रक्त, लघवी, ईसीजी, एक्स-रे हे तर होतंच. पण सगळ्यात जास्त चुका ज्यात होतात ते काम म्हणजे औषधांची यादी. घरी चालू असलेली प्रत्येक गोळी घ्यायची आणि ती चालू ठेवायची, थांबवायची, बदलायची की डोस कमी-जास्त करायचा हे ठरवायचं. यादीच चुकीची असेल तर पुढचं सगळं चुकतं.

मेथोट्रेक्सेटचं उदाहरण घ्या. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. घाईत कुणी "सकाळी एक" असं सांगितलं आणि तसंच लिहिलं गेलं, तर चार-पाच दिवसांत तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात आणि जीवावर बेततं. म्हणून चांगले हॉस्पिटलिस्ट नुसतं "कोणत्या गोळ्या?" एवढंच विचारत नाहीत. "शेवटची कधी घेतली? कोणत्या वारी? स्वतःच्या मनाने कोणती बंद केली आहे का?" असंही विचारतात. त्यातला शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तीन महिन्यांपासून न घेतलेली रक्तदाबाची गोळी वॉर्डात पूर्ण डोसमध्ये सुरू झाली तर रुग्ण उठताना चक्कर येऊन पडू शकतो.

याच वेळी अतिदक्षतेचा प्रश्नही विचारला जातो: गरज पडली तर व्हेंटिलेटर लावायचा का, छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा का. हा प्रश्न आला म्हणजे रुग्ण दगावणार असा अर्थ काढू नका. दाखल होणाऱ्या अनेकांना तो विचारतात, कारण मध्यरात्री धावपळीत विचारण्यापेक्षा शांतपणे विचारलेला बरा.

मग आम्ही सोबत काय न्यावं?

गोळ्यांची पाकिटं आणि बाटल्या, जशा आहेत तशा, एका पिशवीत घालून. लिहिलेल्या यादीपेक्षा पिशवी जास्त खरी असते. डोळ्यांचे थेंब, इन्सुलिनचं पेन, इनहेलर, दुकानातून आपणहून घेतलेली वेदनाशामकं, आयुर्वेदिक काढे हे सगळं त्यात आलं. लोक नेमकं हेच 'औषधात' धरत नाहीत. मागचं डिस्चार्ज कार्ड, जुना ईसीजी आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, जुना रिपोर्टही न्या. आजचं क्रिएटिनिन २.१ आलं, तर ते कालपासून वाढलंय की पाच वर्षं तितकंच आहे, यावर उपचाराची दिशा ठरते. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी विसरू नका. त्याचं कारण पुढे भ्रमाच्या प्रश्नात आहे.

नेहमीची गोळी इथे बंद का केली?

बहुतेक वेळा विचारपूर्वक केलेली असते. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालं असेल तर रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन अशा रक्तदाबाच्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या थांबवतात. नाहीतर मूत्रपिंडांवर ताण येतो. मूत्रपिंडाचं काम अचानक मंदावलं असेल तर साखरेची मेटफॉर्मिनही थांबते. रुग्ण नीट जेवत नसताना साखरेच्या काही गोळ्यांनी साखर धोकादायक खाली येते, म्हणून वॉर्डात त्याऐवजी इन्सुलिन देतात. बहुतेक दाखल रुग्णांसाठी साखरेचं लक्ष्य १४० ते १८० मिलिग्रॅम असतं. घरी सकाळी उपाशीपोटी ११० असणाऱ्यांना हा आकडा जास्त वाटतो. पण आजारपणात साखर फार घट्ट आवळली की ती ७० च्या खाली जाण्याचा धोका वाढतो, आणि तो जास्त वाईट.

याउलट काही औषधं अचानक थांबवूच नयेत. बरेच महिने चालू असलेलं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), फिट्सच्या गोळ्या, मेटोप्रोलॉलसारख्या हृदयाची गती आवरणाऱ्या गोळ्या आणि पार्किन्सनसाठीचं लेवोडोपा ही त्यातली मुख्य. लेवोडोपा नुसतं देऊन भागत नाही, ते घरच्या वेळेलाच द्यावं लागतं. वॉर्डाच्या वेळापत्रकाप्रमाणे दोन तास उशीर झाला तर रुग्ण अक्षरशः लाकडासारखा ताठ होऊ शकतो. पार्किन्सनच्या रुग्णाला मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड देणंही टाळतात. यांपैकी काही राहून गेलंय असं वाटलं तर नर्सना लगेच सांगा. असं बोलणं म्हणजे डॉक्टरांच्या कामात ढवळाढवळ नाही.

सकाळच्या राउंडला दोन मिनिटं येऊन जातात. तेवढ्यात काय कळतं?

खाटेपाशी येण्याआधी त्यांनी बराच वेळ रुग्णावर घालवलेला असतो: रात्रीच्या नोंदी, तापाचा आलेख, पोटात किती गेलं आणि लघवी किती झाली, सकाळचं रक्त, नर्सशी बोलणं. खाटेपाशी नजर कुठे जाते ते पाहिलं तर काम कळतं. लघवीची पिशवी: रंग गडद आहे का, कालच्या मानाने कमी आहे का. हातातली सुई: भोवती लाली आहे का, आणि ती अजून हवीच आहे का. पायांची सूज बोट दाबून. कुशीवर वळवून माकडहाडाची जागा, कारण तिथली न ओसरणारी लाली म्हणजे बेडसोरची सुरुवात. मग "बसता का जरा?" हा प्रश्न. कालपर्यंत स्वतः बसणाऱ्या माणसाला आज आधार लागला, तर कोणताही रिपोर्ट येण्याआधी काहीतरी बिनसल्याचं कळतं.

रोज विचारायचा आणखी एक प्रश्न लघवीच्या नळीचा आहे. ती राहील त्या दर दिवसामागे लघवीत जंतू सापडण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. नळी घालताना कारण असतं, पण दोन दिवसांनी ते संपतं आणि नळी तशीच राहते. "नळी अजून का आहे?" असं तुम्हीही विचारू शकता. विचाराच.

पोटात रोज इंजेक्शन कशासाठी?

खाटेवर पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होऊ शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. धोका असलेल्या रुग्णांना म्हणून एनॉक्सापॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देतात, सहसा ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. मूत्रपिंडं फार मंद असतील तर डोस कमी करतात किंवा साधं हेपॅरिन वापरतात. रक्तस्राव होत असेल तर दोन्ही देत नाहीत. चालत-फिरत असलेल्या, कमी धोक्याच्या रुग्णाला याची गरज नसते.

तब्येत अचानक बिघडली तर?

अचानक वाटणाऱ्या बिघाडाआधी बहुधा काही तास खुणा दिसत असतात. त्या हेरण्यासाठी अनेक रुग्णालयं गुणांकन वापरतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचं 'न्यूज-२' त्यातलं प्रसिद्ध. श्वासाची गती, ऑक्सिजनचं प्रमाण, बाहेरून ऑक्सिजन लागतो का, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना गुण देतात. बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टर हवेत. ७ किंवा जास्त झाली तर ती आणीबाणी. यात श्वास मोजण्याबाबत सगळ्यात जास्त हयगय होते. अंदाजाने १८ लिहून पुढे जातात, आणि मिनिटाला २५ श्वास ही तर धोक्याची पहिली घंटा असते.

संसर्ग रक्तात पसरून रक्तदाब घसरला असेल तर घड्याळ सुरू होतं. कल्चरसाठी, म्हणजे कोणता जंतू आहे ते तपासण्यासाठी, रक्त घ्यायचं आणि तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू करायचं. पहिल्या तीन तासांत दर किलो वजनामागे सुमारे ३० मिलिलिटर सलाईन देतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १.८ लिटर. पण त्याच माणसाचं हृदय अशक्त असेल तर हे पाणी फुफ्फुसात साचू शकतं. थोडं द्यायचं, छाती ऐकायची, पुन्हा थोडं द्यायचं, अशा वेळी जागेवर असलेला डॉक्टर लाख मोलाचा.

आजी घरी ठीक होत्या, इथे रात्री असंबद्ध बोलायला लागल्या. वेड लागलं का?

नाही. याला डिलिरियम किंवा भ्रम म्हणतात आणि वयस्क रुग्णांमध्ये तो अगदी नेहमी दिसतो. ओळखायची खूण अशी: बदल एक-दोन दिवसांतला असतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि लक्ष टिकत नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले की दोन वारांनंतर गाडी अडते. गडबड करणारा भ्रम सगळ्यांना दिसतो. गप्प, झोपाळू, न जेवणारा भ्रम मात्र निसटतो. "आज शांत आहेत" म्हणून त्याची नोंदच होत नाही.

हॉस्पिटलिस्ट आधी कारण शोधतात: संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, न शमलेली वेदना, सोडियममधला बिघाड, कमी पडलेला ऑक्सिजन, नवीन औषध. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या स्वतःच भ्रम घडवतात. खरा उपचार साधा असतो, आणि त्यात नातेवाइकांचा वाटा मोठा आहे. चष्मा आणि श्रवणयंत्र लावा, दिवसा पडदे उघडा, खुर्चीत बसवा, चालवा, वार-तारीख सांगत राहा, रात्री विनाकारण उठवू नका. हात बांधल्याने भ्रम वाढतो.

चार तज्ज्ञ चार गोष्टी सांगतात. शेवटचा शब्द कुणाचा?

हृदयाचे डॉक्टर म्हणतात पाणी काढा, मूत्रपिंडाचे म्हणतात जपून काढा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. दोन्ही सल्ले एका शरीरात बसवून आजची एकच ऑर्डर लिहिणं हे हॉस्पिटलिस्टचं काम. ऑपरेशन किंवा डायलिसिस करायचं का, हे त्या-त्या तज्ज्ञांशिवाय ठरत नाही. पण सगळा ताळमेळ कोण घालतंय, ते नाव तुम्हाला माहीत असायला हवं. "या रुग्णाचे मुख्य डॉक्टर कोण?" या प्रश्नाला वॉर्डात एकच उत्तर मिळालं पाहिजे. दोन मिळाली तर तिथेच गडबड आहे.

शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या बाबतीत जखम आणि ऑपरेशन सर्जनकडे, साखर, रक्तदाब, श्वास हॉस्पिटलिस्टकडे अशी वाटणी अनेक ठिकाणी असते. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांना याचा खास उपयोग होतो.

डॉक्टर मध्येच बदलले. आता सगळं पहिल्यापासून सांगायचं का?

बदल होणारच. अमेरिकेत सात दिवस काम आणि सात दिवस सुट्टी ही पाळी रुळलेली आहे, रात्रीचे डॉक्टर वेगळे. डॉक्टरांच्या पाळीच्या सहाव्या दिवशी रुग्ण दाखल झाला तर दोनच दिवसांत नवा चेहरा दिसेल. बदल किती सुरक्षित आहे हे हँडओव्हरवर, म्हणजे जाणारे डॉक्टर येणाऱ्या डॉक्टरांना रुग्ण कसा सोपवतात यावर, ठरतं.

"खाट १२, न्यूमोनिया, ठीक आहे, रात्रीचं रक्त बघून घ्या." हा वाईट हँडओव्हर. आता हा ऐका: "खाट १२, लक्ष ठेवावं असा रुग्ण. वय ६८, उजव्या बाजूचा न्यूमोनिया, दुसरा दिवस, नाकातल्या नळीने २ लिटर ऑक्सिजन. रात्री १० ला पोटॅशियम येईल, ३.५ च्या खाली असेल तर भरून काढा. ऑक्सिजन ४ लिटरच्या वर लागला तर स्वतः येऊन बघा, एक्स-रे पुन्हा करा आणि आयसीयूला कळवा. व्हेंटिलेटरला घरच्यांची संमती आहे." मग ऐकणारा हे आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवतो. आजाराची तीव्रता, सारांश, करायची कामं, 'असं झालं तर तसं' आणि उलट उजळणी या पाच पायऱ्यांच्या पद्धतीला 'आय-पास' म्हणतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नऊ रुग्णालयांतल्या अभ्यासात ती आणल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या.

तुम्ही पहिल्यापासून सगळं सांगू नका. नव्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "आतापर्यंतचा विचार काय आहे आणि आज काय ठरलंय?" उत्तर जुन्या डॉक्टरांच्या बोलण्याशी जुळत नसेल तर तिथेच सांगा.

डॉक्टरांना कधी आणि कसं गाठावं?

नर्सना राउंडची साधारण वेळ विचारा आणि घरातल्या एकाच माणसाने बोलायचं ठरवा. प्रश्न कागदावर लिहून ठेवा, तीनच्या आसपास पुरे. श्वास, शुद्ध, छातीत दुखणं यांत बदल दिसला तर मात्र राउंडची वाट बघू नका, ताबडतोब नर्सना बोलवा.

डिस्चार्जच्या वेळी काय बघून घ्यावं?

इथे घाई करू नका. "आज घरी" हे ऐकल्यावर सगळ्यांचं लक्ष सामान भरण्याकडे जातं आणि कागद नंतर बघू म्हणून पिशवीत जातो. निघण्याआधी तो हातात धरून बसा.

आधी औषधं. यादीत चार गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत: नवीन, डोस बदललेली, थांबवलेली आणि तशीच चालू ठेवायची. 'थांबवलेली' हा भाग बहुधा राहून जातो, आणि मग रुग्ण घरी जाऊन जुनी गोळीही घेतो, नवीही घेतो. कधी दोन कंपन्यांच्या नावाखाली एकच औषध दुप्पट पोटात जातं. तात्पुरती थांबवलेली गोळी पुन्हा कधी सुरू करायची आणि ते कोण ठरवणार, हे लिहून घ्या. रुग्णालयात पोटाला जपण्यासाठी सुरू केलेली ॲसिडिटीची गोळी कारण संपल्यावरही वर्षानुवर्षं चालू राहते, तिची शेवटची तारीख विचारा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेणाऱ्याला सोबत कोट्रायमोक्साझोल किंवा मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक्स दिली असतील तर रक्त जास्त पातळ होतं, म्हणून आयएनआरची (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी) पुढची तपासणी काही दिवसांतच हवी.

मग राहिलेले रिपोर्ट. रुग्ण घरी जातो तेव्हा कल्चर किंवा बायोप्सीचा निकाल यायचा बाकी असू शकतो. "कोणते रिपोर्ट यायचे आहेत आणि ते कोण बघणार?" याचं उत्तर एका नावासकट मिळवा. एक्स-रेत योगायोगाने दिसलेली फुफ्फुसातली बारीक गाठ अशाच वेळी हरवते. न्यूमोनिया बरा होतो, गाठीचं कुणी नावही काढत नाही.

शेवटी, काय दिसलं तर परत यायचं. "त्रास वाटला तर या" हे पुरेसं नाही. हृदय अशक्त असलेल्याला सांगायचं ते असं: रोज सकाळी लघवी करून, खाण्याआधी वजन करा, तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर फोन करा. नर्स किंवा डॉक्टर सगळं समजावून झाल्यावर "आता तुम्ही मला सांगा, घरी काय करणार?" असं विचारतात. ती परीक्षा नव्हे, आपलं समजावणं पोचलं का ते बघायची ती रीत आहे.

घरी गेल्यावर शंका आली तर फोन कुणाला?

पुढची भेट होईपर्यंतच्या काळासाठी डिस्चार्जच्या कागदावर नंबर लिहून घ्या. त्यानंतर जबाबदारी पुन्हा नेहमीच्या डॉक्टरांकडे जाते, कारण हॉस्पिटलिस्ट बाहेर रुग्ण तपासत नाहीत. पहिली भेट साधारण ७ ते १४ दिवसांत ठेवा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर लवकरची. जाताना डिस्चार्ज समरी स्वतः घेऊन जा. रुग्णालयाने ती पाठवलीच असेल या भरवशावर राहू नका.

एका हॉस्पिटलिस्टकडे किती रुग्ण असतात?

दिवसपाळीत साधारण १५ च्या आसपास असेल तर काम नीट होतं. रुग्ण किती गंभीर आहेत आणि त्या दिवशी किती नवे आले, यावर तो आकडा पेलतो की नाही हे ठरतं. २० च्या पुढे गेलं की आधी कात्री लागते ती बोलण्याला आणि डिस्चार्जच्या कागदांना.

वेगळं शिक्षण असतं का? मुलांसाठीही असे डॉक्टर असतात?

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची (म्हणजे जनरल मेडिसिनची) तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं पदव्युत्तर प्रशिक्षण, पूर्ण करून थेट या कामात येता येतं. मुलांच्या हॉस्पिटल मेडिसिनला तिथे २०१६ मध्ये उपविशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली आणि पहिली परीक्षा २०१९ मध्ये झाली. प्रसूती विभागातही याच धर्तीवर चोवीस तास हजर राहणारे डॉक्टर काही रुग्णालयांत असतात.

डॉक्टर पटले नाहीत तर बदलून मागता येतात का?

मागता येतात, पण पाळीवर दुसरे डॉक्टर असतील तरच ते शक्य होतं. आधी त्याच डॉक्टरांजवळ दहा मिनिटं बसून बोलायला मागा. बरीचशी नाराजी माहिती न मिळाल्याची असते आणि ती तिथेच मिटते. मिटली नाही तर वॉर्डच्या प्रमुख नर्सना सांगा. दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्यायचं असेल तर तसं सरळ बोला, चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.